शेळी गाभडली? आधी हात सांभाळा

वस्तीत एखादी शेळी गाभडली की तीन गोष्टी ठरल्यासारख्या होतात. मालकीण कपाळाला हात लावते, कारण दोन करडांचे पैसे गेले. शेजारची कोणीतरी म्हणते की नजर लागली, नाहीतर सुनेचा विटाळ झाला. आणि पडलेला गर्भ, वार, रक्तमिश्रित घाण घरातलीच एखादी बाई उघड्या हातांनी उचलते आणि नाल्यात किंवा उकिरड्यावर टाकून येते. पुढे महिन्याभराने त्याच बाईला ताप भरतो. संध्याकाळी थंडी वाजते, रात्री घामाने अंथरूण भिजते, सांधे धरतात. तेव्हा त्या गाभडलेल्या शेळीची आठवण कोणालाही होत नाही. तिला होत नाही, घरच्यांना होत नाही आणि पुष्कळदा डॉक्टरांनाही होत नाही.

ही आठवण व्हावी म्हणून आम्ही या वेळी हा विषय घेतला आहे. आजाराचे नाव ब्रुसेलोसिस. जनावरांचे डॉक्टर त्याला सांसर्गिक गर्भपात म्हणतात. माणसांत त्याला माल्टा ताप असेही जुने नाव आहे. आम्ही आधी दवाखान्यांच्या वॉर्डांत नर्स म्हणून काम केले आणि आता वस्त्यांमध्ये आरोग्याचे काम करतो. दोन्हीकडे हा ताप दुसऱ्याच नावाखाली वावरताना आम्ही पाहिला आहे. कधी टायफॉईड, कधी टीबी, कधी संधिवात, तर कधी नुसताच ‘अशक्तपणा’.

आपल्या वस्त्यांत शेळी ही चैनीची वस्तू नाही. ती बाईची बँक आहे. मुलाच्या फीला, दवाखान्याला, लग्नाला बोकड विकला जातो. म्हणून हा लेख शेळी पाळू नका असे सांगण्यासाठी नाही. शेळीही जगावी आणि बाईही आजारी पडू नये, यासाठी आहे.

जंतू गर्भपिशवीतच का बसतो

ब्रुसेला हा डोळ्यांना न दिसणारा जिवाणू आहे. त्याच्या वेगवेगळ्या जाती आहेत. शेळ्या-मेंढ्यांत मुख्यतः ब्रुसेला मेलिटेन्सिस आढळतो, गाई-म्हशींत ब्रुसेला अबॉर्टस, डुकरांत ब्रुसेला सुइस आणि कुत्र्यांत ब्रुसेला कॅनिस. माणसाला सर्वांत जास्त त्रास देणारा यांतला शेळी-मेंढीचा.

शेळी हा जंतू तोंडाने घेते. आजारी शेळीच्या अंगावरून गेलेली घाण चाऱ्याला, पाण्याला, गोठ्याच्या जमिनीला लागते. दुसरी शेळी ते चाटते किंवा हुंगते आणि जंतू तिच्या अंगात जातो. तिथे तो तिच्या पेशींच्या आत लपून बसतो. शेळी गाभण नसेल तर बाहेरून काहीच कळत नाही. ती खाते, फिरते, रवंथ करते. ती गाभण राहिली की मात्र जंतू गर्भपिशवीकडे धाव घेतो. शेळी, मेंढी, गाय यांच्या वारेत एरिथ्रिटॉल नावाची एक प्रकारची साखर असते. ब्रुसेलाला ती फार मानवते. तिच्यावर तो झपाट्याने वाढतो, वारेला सूज येते, गर्भाला मिळणारे रक्त तुटते आणि गर्भ पडतो.

शेळी सुमारे पाच महिने गाभण असते. ब्रुसेलामुळे होणारा गर्भपात बहुधा शेवटच्या दोन महिन्यांत होतो, म्हणजे करडाचा आकार तयार झाल्यावर. कधी दिवस पूर्ण भरतात, पण करडू मेलेले किंवा अगदी मरतुकडे निघते. वार अडकून राहते. बोकडात हाच जंतू वृषणात बसतो. एका बाजूचा गोळा सुजतो आणि बोकड नापीक होऊ शकतो. काही जनावरांचे गुडघे सुजतात.

सर्वांत फसवी गोष्ट पुढे आहे. बहुतेक शेळ्या एकदाच गाभडतात. पुढच्या वेताला करडू नीट होते. मालकिणीला वाटते, गेली एकदाची पीडा. प्रत्यक्षात जंतू शेळीच्या कासेत मुक्काम करून असतो. दिसायला धडधाकट शेळी दुधातून आणि पुढच्या प्रत्येक वेताच्या वेळी तो बाहेर टाकत राहते.

आता विटाळाबद्दल स्पष्ट बोलू. शेळी गाभडते ती जंतूमुळे, कुपोषणामुळे, विषारी पाल्यामुळे किंवा मारामुळे. पाळी आलेल्या बाईच्या सावलीने आजवर एकही शेळी गाभडलेली नाही. सुनेला दोष देऊन घरात भांडण होते आणि जंतू मात्र मोरीत तसाच राहतो.

माणसापर्यंत येण्याचे तीन रस्ते

पहिला रस्ता हाताचा. गाभडलेल्या शेळीचा गर्भ, वार, गर्भजल आणि त्यानंतर अंगावरून जाणारा स्राव यांत जंतूंची संख्या प्रचंड असते. आपल्या हातावर चिरा, नखुरडे, भांडी घासून पडलेल्या भेगा असतात. तिथून तो आत शिरतो. हात डोळ्याला लागला तर डोळ्यातूनही शिरतो.

दुसरा रस्ता दुधाचा. न उकळलेले दूध, कासेखाली तोंड धरून प्यायलेले धारोष्ण दूध, कच्च्या दुधाचे पनीर यांतून तो पोटात जातो.

तिसरा रस्ता हवेचा. वाळलेली घाण जोरात झाडली, कोंदट खोलीत शेळी व्याली, मेलेल्यासारख्या करडाच्या नाकात तोंडाने फुंकर मारली, तर जंतू श्वासावाटे जातो. वस्तीत शेळी बहुधा घराच्या ओट्यावर, माळ्याखाली किंवा मोरीच्या कडेला बांधलेली असते. माणूस आणि जनावर एकाच हवेत झोपतात. शेतावर वेगळा गोठा असलेल्या घरापेक्षा आपला धोका इथे वाढतो.

माणसापासून माणसाला हा आजार क्वचितच लागतो. त्यामुळे आजारी बाईचे ताट-वाटी वेगळे करण्याची, तिला कोपऱ्यात बसवण्याची काहीही गरज नाही. माणसाला दूर बसवण्याचे दुःख काय असते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

माल्टाच्या शेळ्या

या आजाराचा शोध कसा लागला, हे समजून घेण्यासारखे आहे. माल्टा हे भूमध्य समुद्रातले लहानसे बेट. तिथे ब्रिटिशांची फौज होती आणि सैनिक महिनोन् महिने तापाने पडून राहत. १८८७ साली डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने मेलेल्या सैनिकांच्या पाणथरीतून हा जंतू वेगळा काढला. त्याच्या नावावरूनच पुढे ब्रुसेला हे नाव पडले. त्याची पत्नी मेरी प्रयोगशाळेत त्याच्या बरोबरीने काम करत होती. जंतू सापडला, पण तो सैनिकांपर्यंत येतो कुठून, हे पुढची अठरा वर्षे कोणाला कळले नाही. १९०५ साली थेमिस्टोक्लिस झामिट या माल्टाच्याच डॉक्टरने शेळ्यांचे रक्त तपासले. शेळ्या अगदी निरोगी दिसत होत्या, पण रक्तात आजाराची खूण होती. माल्टात तेव्हा शेळ्यांचे कळप दारोदार फिरवत आणि दारातच धार काढून देत. त्याच वर्षी माल्टाहून शेळ्या घेऊन अमेरिकेला निघालेल्या एका जहाजावर खलाशांनी ते दूध पिऊन पाहिले आणि त्यांतले अनेक जण तापाने आजारी पडले. १९०६ साली फौजेत शेळीचे दूध बंद झाले आणि सैनिकांमधला ताप झपाट्याने खाली आला.

दुसरी गोष्ट एका बाईची आहे. ॲलिस इव्हान्स या अमेरिकेतल्या जिवाणूशास्त्रज्ञ. गाईंमध्ये गर्भपात घडवणारा जंतू डेन्मार्कच्या बर्नहार्ड बांग यांनी आधीच शोधला होता. तो आणि माल्टा तापाचा जंतू हे एकमेकांचे सख्खे नातलग आहेत, म्हणून गाईचे कच्चे दूधही धोक्याचे आहे, असे इव्हान्स यांनी १९१८ साली छापून सांगितले. मोठ्या शास्त्रज्ञांनी आणि दूधवाल्यांनी त्यांचे म्हणणे उडवून लावले. त्या बाई होत्या, आणि त्यांच्याकडे डॉक्टरेट नव्हती. १९२२ साली काम करताना त्यांनाच या जंतूची लागण झाली. पुढे कितीतरी वर्षे आजार उलटत राहिला आणि आधी तर त्यांना मनाचा आजार आहे असेच सांगण्यात आले. शेवटी त्यांचे म्हणणे खरे ठरले. दूध तापवून निर्जंतुक करण्याचा नियम अमेरिकेत पसरण्यात त्यांच्या कामाचा मोठा वाटा आहे. १९२८ साली त्या तिथल्या जिवाणूशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या.

आमच्या परिचारिका व्यवसायाची जिला आई म्हणतात, त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनाही १८५५ साली क्रायमियाच्या युद्धात जबर ताप आला आणि नंतर कितीतरी वर्षे त्या अंथरुणाला खिळून होत्या. अनेकांनी ते ढोंग किंवा मनाचे खेळ मानले. त्यांचा आजार बहुधा ब्रुसेलोसिसच असावा, असे मत १९९५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या एका लेखात मांडले गेले. ‘तिला काही झालेले नाही, नाटक करते’ हे वाक्य आपल्या घरांतल्या किती बायकांनी ऐकले आहे, याचा विचार वाचकांनी करावा.

टायफॉईड नाही, टीबी नाही, मग काय?

लागण झाल्यापासून लक्षणे दिसायला बहुधा एक ते चार आठवडे लागतात, कधी काही महिनेही. ताप चढतो-उतरतो. थोडे दिवस बरे वाटते आणि पुन्हा येतो. खूप घाम येतो. कंबर, पाठ, गुडघे, खुबे दुखतात. भूक जाते, वजन उतरते, हातातले काम होत नाही, मन उदास राहते. पुरुषांमध्ये वृषण सुजू शकते आणि लाजेपायी ते कोणी सांगत नाही. गरोदर बाईला लागण झाली तर गर्भपात किंवा वेळेआधी बाळंतपण होण्याचा धोका असतो. उपचाराविना राहिल्यास जंतू मणक्यात, सांध्यात, यकृतात आणि क्वचित हृदयाच्या झडपेत जाऊन बसतो. या आजाराने माणसे मरण्याचे प्रमाण कमी आहे, पण रोजंदारीवर जगणाऱ्याला सहा महिने अंथरुणावर ठेवण्याची ताकद त्याच्यात आहे.

आमच्या पाहण्यातली एक बाई धुणीभांडी करणारी. घरी चार शेळ्या. तिला तीन महिने ताप येत-जात होता. पहिल्या दवाखान्यात विडाल तपासणी केली, टायफॉईड सांगितला, सलाईन लावले. ताप उतरला आणि पंधरा दिवसांनी परत आला. दुसऱ्या ठिकाणी पुन्हा तेच. मग कंबर इतकी दुखू लागली की मणक्याचा टीबी असेल म्हणून तपासण्या सुरू झाल्या. तोवर दोन घरांची कामे सुटली होती आणि एक शेळी विकून औषधे आणली होती. शेवटी एका तरुण डॉक्टरणीने विचारले, “मावशी, घरी जनावरं आहेत का?” आहेत म्हटल्यावर दुसरा प्रश्न, “त्यातली कोणती गाभडली होती का?” दोन प्रश्नांत दिशा सापडली. रक्ताची तपासणी झाली, ब्रुसेलोसिस निघाला, सहा आठवड्यांच्या औषधाने बाई उभी राहिली.

प्रत्येक दवाखान्यात हे दोन प्रश्न विचारले जातीलच असे नाही. शहरातल्या डॉक्टरांना वाटते, शहरात कुठली शेळी? त्यामुळे विचारले नाही तरी आपणच सांगायचे: “डॉक्टर, आमच्या घरी शेळ्या आहेत. एक दोन महिन्यांपूर्वी गाभडली. ब्रुसेलाची तपासणी करता का?” हे वाक्य पाठ करून ठेवा. खाटीककाम करणारे, कातड्याचे काम करणारे, कत्तलखान्यात सफाई करणारे, कचरा वेचणारे यांनी आपले काम काय ते डॉक्टरांना न लाजता सांगावे.

तपासणीसाठी रक्त घेतात. रोज बंगाल नावाची साधी आणि झटपट चाचणी आहे. ती सकारात्मक आली तर नळीतली ॲग्लुटिनेशन चाचणी किंवा एलायझा करून खात्री करतात. रक्तातला जंतू वाढवूनही पाहतात. त्यासाठी नमुना पाठवताना ब्रुसेलाचा संशय आहे असे प्रयोगशाळेला कळवणे आवश्यक असते, कारण हा जंतू प्रयोगशाळेतल्या माणसांनाही लागतो.

सहा आठवडे म्हणजे सहाच आठवडे

जंतू पेशींच्या आत लपलेला असल्याने एका औषधाने आणि आठ दिवसांत तो जात नाही. मोठ्या माणसांत सहसा डॉक्सिसायक्लिन सहा आठवडे आणि त्याच्या जोडीला रिफाम्पिसिन सहा आठवडे, किंवा दोन-तीन आठवडे स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने देतात. मणका किंवा हृदय सापडले असेल तर उपचार आणखी लांबतो. औषध डॉक्टरांनीच ठरवायचे. दुकानातून मागून आणायचे नाही. त्याचे एक खास कारण आहे. रिफाम्पिसिन हे टीबीचेही महत्त्वाचे औषध आहे. अर्धवट घेतले तर ब्रुसेला उलटतो आणि आत दबलेला टीबी असेल तर तो औषधाला दाद देईनासा होऊ शकतो.

नर्स म्हणून काही गोष्टी सांगून ठेवतो. डॉक्सिसायक्लिनची गोळी पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी आणि लगेच आडवे होऊ नये, नाहीतर अन्ननलिकेत जळजळ होते. या गोळीने उन्हाचा त्रास वाढतो, म्हणून डोक्यावर पदर किंवा रुमाल असावा. रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते. ते रक्त नव्हे, घाबरून गोळी बंद करू नये. रिफाम्पिसिन चालू असताना पाळणा लांबवण्याच्या गोळ्यांचा भरवसा राहत नाही, म्हणून त्या काळात निरोध किंवा दुसरे साधन वापरावे. ही गोष्ट बायकांना क्वचितच कोणी सांगते. गरोदर बाई आणि आठ वर्षांखालचे मूल यांचे औषध वेगळे असते. म्हणून दिवस गेले असतील किंवा पाळी चुकली असेल तर पहिल्याच भेटीत सांगावे.

ताप बहुधा पहिल्या काही दिवसांतच उतरतो. मग वाटते, आता कशाला गोळ्या? इथेच आजार परत येतो. गोळ्यांचे दिवस कॅलेंडरवर खुणा करून मोजावेत.

शेळी गाभडली तर

ब्रुसेलाशिवाय क्लॅमिडिया, लिस्टेरिया, क्यू ताप अशा आजारांनीही शेळ्या गाभडतात आणि त्यांतले बरेच माणसाला, विशेषतः गरोदर बाईला, घातक आहेत. कारण कोणते ते डोळ्यांनी ओळखता येत नाही. म्हणून गाभडलेली प्रत्येक शेळी सांसर्गिक समजूनच पुढचे काम करावे.

१. गरोदर बाया आणि मुले यांना लगेच लांब करावे. शेळी नीट वीत असेल तरीही गरोदर बाईने तिथे हात घालू नये.

२. हातमोजे घालावेत. नसतील तर दोन्ही हातांत जाड प्लास्टिकच्या पिशव्या मनगटापर्यंत बांधाव्यात. नाका-तोंडावर फडके बांधावे. पायांत बूट किंवा चप्पल हवीच.

३. गर्भ आणि वार कुत्र्याला टाकू नये. कुत्रे ते ओढत वस्तीभर फिरवते आणि स्वतःही आजारी पडते. नाल्यात किंवा कचराकुंडीतही टाकू नये. सकाळी कचरा वेचायला येणारे हातही आपलेच आहेत.

४. मोकळी जागा असेल तर पाण्यापासून लांब खोल खड्डा करून, खाली-वर चुना टाकून पुरावे आणि वर दगड ठेवावेत. जागा नसेल तर चुना टाकून दुहेरी पिशवीत घट्ट बांधावे आणि पालिकेच्या मेलेली जनावरे उचलणाऱ्या विभागाला कळवून, आत काय आहे ते सांगून द्यावे.

५. जमीन कोरडी झाडू नये. आधी ब्लीचिंग पावडरचे पाणी किंवा फिनाईल ओतून काही वेळ ठेवावे, मग धुवावे. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड कधीही एकत्र करू नये, त्यातून विषारी वायू निघतो. भिजलेले गवत-पाला जाळून टाकावा. ऊन येऊ द्यावे. उन्हात हा जंतू लवकर मरतो, ओल्या सावलीत मात्र महिनोन् महिने टिकतो.

६. शेळी इतरांपासून वेगळी बांधावी. तिच्या अंगावरून जाणे बंद झाल्यासारखे दिसले तरी दोन-तीन महिने जपावे. तिचे चारा-पाणी वेगळे ठेवावे.

७. हात साबणाने कोपरापर्यंत धुवावेत. घातलेले कपडे गरम पाण्यात वेगळे धुवावेत.

८. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे. शेळीच्या रक्ताची तपासणी मागावी. पुण्याला औंध येथे पशुसंवर्धन विभागाचा रोग अन्वेषण विभाग आहे. आपल्या भागातून नमुने कुठल्या प्रयोगशाळेत जातात, ते दवाखान्यात विचारावे. जनावरांच्या सांसर्गिक रोगांचा २००९ चा केंद्रीय कायदा आहे आणि ब्रुसेलोसिस त्याच्या यादीत आहे. कळवणे हे मालकाचे कर्तव्य आहे आणि दखल घेणे हे यंत्रणेचे.

दूध उतू येईपर्यंत

शेळीचे दूध चांगले आहे. कच्चे दूध चांगले नाही. डेंगीची साथ आली की शेळीच्या कच्च्या दुधाने प्लेटलेट वाढतात म्हणून वस्त्यांत चढ्या भावाने दूध विकले जाते. त्याला वैद्यकीय आधार नाही. उलट आधीच तापाने खचलेल्या माणसाला दुसऱ्या तापाची लागण होऊ शकते. तान्ह्या बाळाला ‘हलके’ म्हणून शेळीचे कच्चे दूध पाजतात, तेही बंद करावे. सहा महिने बाळाला आईचेच दूध पुरे.

दूध खळखळून उकळले की ब्रुसेला मरतो. दही, ताक, पनीर उकळलेल्या दुधाचेच करावे. गाभडलेल्या शेळीचा चीक कोणालाही देऊ नये. मटण शिजवून खाण्यात धोका नाही. धोका कापताना आहे, विशेषतः कास, गर्भपिशवी, वृषण आणि पाणथरी हाताळताना. फ्रीजमध्ये ठेवल्याने किंवा गोठवल्याने हा जंतू मरत नाही.

त्या शेळीचे पुढे काय?

हा सर्वांत अवघड प्रश्न आहे. ब्रुसेला झालेली शेळी औषधाने खात्रीने बरी होत नाही. काही देशांत तपासणी करून लागण झालेली जनावरे काढून टाकतात आणि मालकाला भरपाई देतात. आपल्याकडे बाई काय करते? शेळी गाभडली की ती गुपचूप बाजारात नेऊन विकते. तिचे नुकसान थोडे भरून निघते. पण ती शेळी विकत घेते कोण? दुसऱ्या वस्तीतली तिच्यासारखीच बाई. तिच्या कळपात आजार जातो, तिच्या घरात ताप जातो आणि आठवड्याच्या बाजारातून कधीतरी तोच जंतू आपल्या दारी परत येतो.

यात त्या बाईला गुन्हेगार ठरवून चालणार नाही. नुकसान एकटीने सोसायचे असेल तर कोणीही लपवणारच. म्हणून नुकसान वाटून घेण्याची सोय आधी करावी लागेल. बचत गटाने शेळ्यांचा विमा एकत्र काढावा. गटाच्या निधीतून गाभडलेल्या शेळीच्या मालकिणीला थोडी तरी मदत ठरवून ठेवावी. तपासणीत आजार निघाला तर ती शेळी पैदाशीला विकायची नाही, तिचे काय करायचे ते पशुवैद्यकांच्या सल्ल्याने ठरवायचे, असा ठराव करावा. नवीन शेळी आणली की तीन-चार आठवडे वेगळी बांधावी आणि जमल्यास रक्त तपासून घ्यावे. वृषण सुजलेला बोकड कोणीही आपल्या शेळ्यांना लावू नये.

सरकारकडून काय मागायचे, तेही नेमके माहीत असावे. सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्राने लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस यांच्या नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यात ब्रुसेलाची लस चार ते आठ महिन्यांच्या गाई-म्हशींच्या मादी वासरांना देतात. शेळ्यांना त्यात ही लस नाही. म्हणजे माणसाला सर्वांत जास्त त्रास देणारी जात ज्या जनावरात आहे आणि जे जनावर गरिबाच्या घरात आहे, तेच बाहेर राहिले आहे. राज्याच्या योजनेत दहा शेळ्या व एक बोकड असा गट मिळतो आणि अनुसूचित जातीच्या लाभार्थ्याला ७५ टक्के अनुदान असते. या योजनेतली जनावरे ताब्यात घेताना ब्रुसेलाच्या तपासणीचा दाखला मागावा. आजारी शेळी अनुदानात मिळाली, तर ती मदत राहत नाही.

मेलेल्या जनावराला हात लावण्याचे काम या देशाने पिढ्यान्‌ पिढ्या कोणावर लादले, हे आपण जाणतो. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा असे सांगितले, ते माणुसकीच्या हक्कासाठी. आज शहरातला कत्तलखाना, कातड्याचा कारखाना, पालिकेची मेलेली जनावरे उचलणारी गाडी इथे उघड्या हातांनी काम करणारे लोक पुष्कळदा आपल्याच वस्त्यांतले आहेत. हातमोजे, बूट, मास्क आणि ताप आल्यास मोफत तपासणी ही त्यांच्या कामाची साधने आहेत. ती कंत्राटदाराच्या मर्जीवर सोडता येणार नाहीत. युनियनच्या मागण्यांच्या यादीत ती लेखी असावीत.

या महिन्यात बचत गटाच्या बैठकीत एवढे करा. वस्तीत कोणाकडे किती शेळ्या आहेत आणि मागच्या वर्षात किती गाभडल्या, याची एका वहीत नोंद करा. ज्या घरात शेळी गाभडली त्या घरात कोणाला लांबलेला ताप, सांधेदुखी किंवा गर्भपात झाला का, ते समोर लिहा. ती वही घेऊन चार बाया पशुवैद्यकीय दवाखान्यात जा आणि रक्त तपासणीचे शिबिर मागा. दुसऱ्या दिवशी तीच वही घेऊन माणसांच्या आरोग्य केंद्रात जा. जनावरांचा डॉक्टर आणि माणसांचा डॉक्टर एकमेकांशी बोलत नसतील, तर दोघांच्या टेबलावर एकच वही ठेवण्याचे काम आपण करू शकतो.